स्वाभिमान जपणारी करुणा : कर्मवीर भाऊराव पाटील

दान कसे द्यावे, हे व्यापारी जैन कुटुंबांना शिकवावे लागत नाही. गावोगावच्या धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा, दवाखाने आणि वसतिगृहे यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या या परंपरेची साक्ष देत उभ्या आहेत. मात्र दान स्वीकारणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. घेणाऱ्याची मान कायमची खाली जाते की पुढे कधीतरी ताठ होते? देणारा निघून गेल्यावरही तो आपल्या पायांवर उभा राहू शकतो का? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्यभर प्रत्यक्ष कृतीतून शोधले, ते कर्मवीर भाऊराव पाटील एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मले होते. त्यांच्या नावाची शाळा-महाविद्यालये सर्वांना ठाऊक आहेत. त्यामागचा मनस्वी, कल्पक आणि कोणाचेही मिंधेपण न मानणारा माणूस मात्र पुतळ्यांच्या आणि जयंती-पुण्यतिथीच्या गर्दीत काहीसा झाकोळला गेला आहे.

कुंभोज ते कोल्हापूर

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज हे गाव जवळच्या बाहुबली डोंगरामुळे जैन वाचकांना परिचित आहे. याच गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. वडील पायगौंडा हे महसूल खात्यात नोकरीस, तर आई गंगाबाई. कुटुंबाचे मूळ वास्तव्य आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे. घरी जमीन होती, पाटीलकीचा मान होता आणि धर्माचरणाचे वळणही होते. परंतु मुलगा लहानपणापासूनच वेगळ्या वाटेचा. अस्पृश्य स्त्रियांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, अशी त्याच्या बालपणीची आठवण सांगितली जाते. जीवमात्रावर दया करावी, ही शिकवण त्याने घरात ऐकली होती. तिच्यातून माणूस वगळलेला त्याला सहन होत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे म्हणजे विद्वान, शिस्तप्रिय आणि समाजाच्या उन्नतीची तळमळ असलेले गृहस्थ. पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले ते हेच. त्या काळी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले होते. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्यावाचून भोजनगृहात पाऊल ठेवायचे नाही, असा दंडक होता. भाऊरावांनी तो मानला नाही. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांना मुळातच मान्य नव्हते, मग शुद्धी कशाची करायची? परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

आश्रय मिळाला तो शाहू महाराजांच्या छत्राखाली. शिक्षणाची गाडी मात्र फार पुढे गेली नाही आणि शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे ज्यांनी हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले, त्यांच्या स्वतःच्या हाती कसलेही प्रमाणपत्र नव्हते. साताऱ्यात शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत.

खोट्या साक्षीला नकार

भाऊरावांच्या स्वभावाचा खरा कस लागला तो १९१४ मध्ये. कोल्हापुरात पुतळ्यावर डांबर फासण्याचे प्रकरण घडले. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण येऊ लागले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्याच्याविरुद्ध चार वाक्ये बोलायची, एवढेच काम होते. जुना हिशेब चुकता करण्याची अशी आयती संधी क्वचितच कोणाला मिळते. शिवाय साक्ष दिली असती तर दरबारची मर्जीही राहिली असती.

भाऊरावांनी नकार दिला. त्यांना अटक झाली, मारहाण झाली, तुरुंगवास घडला. छळ असह्य झाला तेव्हा त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचाही प्रयत्न केला. परंतु जे घडलेले नाही ते घडले, असे त्यांच्या तोंडून कोणी वदवू शकले नाही. अखेर त्यांची सुटका झाली.

या प्रसंगाची दुसरी बाजूही तितकीच विचार करण्याजोगी आहे. हा छळ झाला तो शाहू महाराजांच्या संस्थानात. तरीही पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले, तेव्हा भाऊरावांनी त्याला नाव दिले ते शाहू छत्रपतींचेच. महाराजांच्या शिक्षणकार्याचे ऋण त्यांना मान्य होते आणि अधिकाऱ्यांनी दिलेल्या यातनांची वजावट त्यांनी त्या ऋणातून केली नाही. पर्युषणाच्या अखेरीस आपण सारे एकमेकांना क्षमायाचनेचे संदेश पाठवतो. भाऊरावांच्या आयुष्यात क्षमा ही अशी होती : लठ्ठ्यांविषयी कटुता असूनही खोटे न बोलणे आणि कोल्हापूरच्या तुरुंगाचा अनुभव असूनही शाहूंचे नाव दारावर कोरणे.

फिरत्या विक्रेत्याची पाठशाळा

यानंतरचा काळ व्यापारी वाचकांना विशेष जवळचा वाटेल. भाऊराव फिरते विक्रेते झाले. आधी ओगले यांच्या काच कारखान्याचा माल आणि मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते खेडोपाडी हिंडले. लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज असण्याचे ते दिवस होते. अशा गिऱ्हाइकाला माल विकायचा म्हणजे आधी त्याच्या बांधावर बसावे लागते, त्याची भाकरी खावी लागते, त्याचे पीक, त्याचे कर्ज, त्याची भीती समजून घ्यावी लागते. विक्रीकला म्हणून आज जे शिकवले जाते, ते भाऊरावांनी शेताच्या बांधावर आत्मसात केले.

त्या भटकंतीत नांगर तर विकले गेलेच, परंतु विक्रेत्याच्या पदरी आणखी एक गोष्ट पडली. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ त्याच्या अवजारात जेवढे आहे, त्याहून अधिक त्याच्या निरक्षरतेत आहे, हे त्यांनी घरोघरी पाहिले. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती चांगला नांगर देऊन वाढलेले उत्पन्न शेवटी जाणार कोठे? लोखंडाचा नांगर खपवण्याची चिकाटी त्यांनी पुढे शाळेसाठी वापरली. नव्या नांगराला घाबरणारा शेतकरी मुलाला शाळेत पाठवायलाही घाबरतो, आणि दोन्ही भीतींवर उपाय एकच, त्याच्याजवळ जाऊन बसणे, हे त्यांना ठाऊक झाले होते.

साताऱ्यातील एका कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी जिवापाड मेहनत घेतली. नफ्यातील ठरावीक वाटा बहुजनांच्या शिक्षणासाठी द्यायचा, या बोलीवर ते त्या कामात उतरले होते. ती बोली पाळली जात नाही असे दिसताच त्यांनी संबंध तोडला. चांगली मिळकत, मान आणि ओळखीपाळखी सारे मागे राहिले. शब्द हा दस्तऐवजाइतकाच बंधनकारक मानणाऱ्या जुन्या पेढ्यांच्या परंपरेतील माणसाला यात काही विशेष वाटू नये. मात्र मोडलेल्या शब्दासाठी स्वतःची भाकरी सोडणारे त्याही काळी थोडेच होते.

काले गावातील बीज

तत्पूर्वीच त्यांच्या मुख्य कार्याला आरंभ झाला होता. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साथीने विद्यार्थी आश्रम सुरू झाला. गृहिणींनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यावर मुलांचे जेवण चालवायचे, ही मुष्टिफंडाची रीत तेथे रुजली. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच हेतू होता. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी प्रजा. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

त्या काळी वसतिगृहांची कमतरता नव्हती. मराठ्यांचे, लिंगायतांचे, जैनांचे, मुसलमानांचे अशी प्रत्येक समाजाची वसतिगृहे कोल्हापुरात होती आणि त्यांनी आपापल्या समाजाचे मोठे काम केले. भाऊरावांची कल्पकता अशी, की त्यांनी या साऱ्यांच्या पंगती एक केल्या. महार, मांग, मराठा, ब्राह्मण, जैन, मुसलमान अशी मुले एकाच चुलीवर स्वयंपाक करू लागली, एकाच पंगतीत जेवू लागली. समतेवर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी मुलांच्या हाती पीठ मळायला दिले. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याचा विटाळ कोण किती दिवस धरणार?

लक्ष्मीबाईंचे सोने

या कार्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत पहिले नाव लक्ष्मीबाईंचे. त्याही कुंभोजच्या. जुन्या वळणाच्या सुखवस्तू जैन घरात वाढलेल्या या बाईंचे सोवळे-ओवळे कडक होते. पती कोणत्याही जातीची मुले घरी आणतात, त्यांना जेवू घालायला सांगतात, हे त्यांना सुरुवातीला सहजासहजी पचले नाही. परंतु आईविना दूर राहणारी मुले आजारी पडू लागली, रात्री रडू लागली, तेव्हा सोवळे हळूहळू गळून पडले. त्या वसतिगृहातील सर्वच मुलांच्या आई झाल्या.

वसतिगृह चालवायचे तर दररोज धान्य लागते. देणगी येईल तेव्हा येते, भूक मात्र वेळेवर लागते. पैशाची चणचण भासली की लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. एकदा भाऊराव गावोगाव फिरतीवर असताना वसतिगृहातील धान्य संपले. विकण्याजोगे काही उरले नव्हते. उरले होते ते गळ्यातील मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी तेही काढून दिले आणि मुले जेवली. पती हयात असताना मंगळसूत्र उतरवणे, ही त्या पिढीतील स्त्रीसाठी केवळ सोन्याची बाब नव्हती, हे सांगायला नकोच.

१९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा पुढचा सारा विस्तार त्यांनी पाहिला नाही. स्वतंत्र वृत्तीच्या पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या निर्भयतेचे कौतुक होते. त्या निर्भयतेचा हप्ता घरात कोण भरत होते, याची नोंद मात्र बहुधा राहून जाते. भाऊराव कारखानदाराशी संबंध तोडू शकले, अटी घालणाऱ्यांना नकार देऊ शकले, महिनोन् महिने फिरतीवर राहू शकले, याचे कारण घरी चूल पेटती ठेवणारे कोणीतरी होते. लक्ष्मीबाईंनी दिलेल्या सोन्याला ना पावती होती ना पाटी. संस्थेच्या ताळेबंदातील पहिले भांडवल मात्र तेच.

कमवा आणि शिका

मुलांना फुकट जेवू घालणारी अन्नछत्रे आपल्या देशात पुष्कळ. भाऊरावांनी त्या वाटेने जायचे नाकारले. त्यांच्या मते फुकटची भाकरी पोट भरते, पण कणा वाकवते. म्हणून वसतिगृहातील मुलांनी शेती करावी, दळण दळावे, स्वयंपाक करावा, बांधकामावर दगड-माती वाहावी आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, अशी योजना त्यांनी आखली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य ठरले आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्राच्या शैक्षणिक व्यवहारात कायमचे रूढ झाले.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी ही योजना विलक्षण आहे. देणगीवर चालणारी संस्था देणगीदाराच्या मर्जीवर जगते. अनुदानावर चालणारी संस्था सरकारच्या मर्जीवर. संस्थेच्या उत्पन्नात मुलांच्या श्रमाचा आणि गावकऱ्यांच्या धान्याचा वाटा असेल, तर कोणी एकाने हात आखडता घेतला तरी दार बंद होत नाही. त्याहून मोठा लाभ मुलाच्या मनाला होतो. मी कोणाच्या तरी उपकारावर शिकलो, ही बोच त्याला राहत नाही. आपण आपल्या घामावर शिकलो, असे तो म्हणू शकतो, आणि ते खरेही असते. करुणेला स्वाभिमानाची अशी जोड देणे, हीच भाऊरावांची खरी निर्मिती.

या पायावर इमारत चढत गेली. गांधी-आंबेडकर करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय निघाले. खेड्यापाड्यांत पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले. शिवाजी कॉलेजात महाविद्यालयीन विद्यार्थीही शेतात आणि बांधकामावर राबले. या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील परदेशी जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

देणगी आणि अट

भाऊरावांनी देणग्या नाकारल्या नाहीत. राजेरजवाड्यांपासून खळ्यावरच्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांपुढे त्यांनी झोळी पसरली. फरक एवढाच, की झोळी पसरताना त्यांनी मान खाली घातली नाही. शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपले नाव द्यावे, अशा अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली होती आणि भाऊरावांनी ती तत्काळ परत फिरवली, असे सांगितले जाते. संस्थांना दिलेली नावे पाहिली तर शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज, मौलाना आझाद अशी दिसतात. जात, धर्म, प्रांत यांची कुंपणे त्या नावांतच मोडलेली आहेत. संस्थापकाने स्वतःचे नाव मात्र कोठे मागितले नाही.

सरकारपुढेही त्यांचा ताठपणा कायम राहिला. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. मात्र त्यांच्या स्पष्ट बोलण्याने सत्ताधारी दुखावले आणि संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ रोखले गेले. हजारो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. तरी भाऊरावांनी शब्द मागे घेतला नाही. खेड्यांतील लोकांनी संस्थेला हात दिला आणि संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले. हातात खराटा घेतलेल्या त्या निःस्पृह संताचा शब्द सरकारला मोडवला नाही. दोघांचे सख्य स्वाभाविकच होते. एक गावे झाडीत होता, दुसरा तेथे शाळा बांधीत होता.

भाऊराव रागीट होते, हट्टी होते. त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नव्हते. परंतु त्यांचा राग स्वतःच्या मानापमानासाठी क्वचितच असे. मुलाच्या ताटात कमी पडले, दिलेला शब्द मोडला, कोणाला जातीवरून हिणवले, की तो उसळे.

पारंब्या

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भाऊरावांना पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, त्यांनी देह ठेवला. आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि संस्थेने शंभरी ओलांडली आहे.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. वडाला पारंब्या फुटतात, त्या जमिनीत रुजतात आणि कालांतराने मूळ खोडालाच आधार देतात. रयतमध्ये हेच घडले. वसतिगृहात भाकऱ्या थापून शिकलेली मुले शिक्षक होऊन संस्थेत परतली. अनेकांनी अधिक पगाराच्या नोकऱ्या सोडून तेथेच आजीव सेवा पत्करली. उपकाराच्या ओझ्याखाली दबलेला माणूस असा परत येत नाही. तो उपकारकर्त्याला टाळतो. परत येतो तो स्वतःच्या श्रमाचा वाटा त्या वास्तूत असलेला माणूस.

आपल्या कुटुंबांतून दरवर्षी शिष्यवृत्त्या दिल्या जातात, वसतिगृहांना मदत जाते, वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ निधी उभे राहतात. धनादेशावर सही करताना रक्कम, पावती आणि करसवलत हे तीन रकाने आपण न चुकता तपासतो. चौथा रकाना भाऊरावांनी दाखवून दिला आहे : हे साहाय्य घेणारा मुलगा किंवा मुलगी दहा वर्षांनी आपल्यासमोर मान वर करून उभी राहू शकेल ना? त्यासाठी पाटीवरचे नाव लहान करावे लागले, एखादी अट मागे घ्यावी लागली, तरी हरकत नाही. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची पाटी कोठेही लावलेली नव्हती. त्या दिवशी जेवलेली मुले मात्र शिकली.